वाहनसल्ला : मडगार्डच्या आतला चिखल

पावसाळा उतरणीला लागला की गाडीच्या देखभालीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतील बहुतेक पत्रे एकाच जागेविषयी आहेत. चाकाच्या वर, मडगार्डच्या आत जी पोकळी असते ती घरी कशी धुवावी आणि धुतल्यावर तिला काय लावावे, असे वाचकांनी विचारले आहे. त्यामुळे या अंकातील सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : गणपतीत आम्ही ताम्हिणी घाटातून दिवेआगरला जाऊन आलो. परत आल्यावर गाडी बाहेरून धुतली, पण चाकांच्या वर, मडगार्डच्या आत लाल चिखलाचा थर तसाच आहे. दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी तो घरीच काढावा आणि आतले प्लास्टिक काळेभोर दिसेल असे काही लावावे, असा विचार आहे. चाके न काढता हे जमेल का? कोणते रसायन वापरावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : चाके न काढता हे काम नक्की जमते, फक्त कोणत्या जागेला किती महत्त्व द्यायचे ते आधी ठरवावे लागते. आतले काळे प्लास्टिक, म्हणजे लायनर, मळलेले राहिले तरी गाडीचे काही बिघडत नाही, कारण प्लास्टिक गंजत नाही. गाडी खराब होते ती जिथे पत्रा आहे आणि चिखल अडकून ओला राहतो तिथे, आणि नेमक्या त्याच जागा उभ्याने पाहिल्यावर दिसत नाहीत. म्हणून आपले निम्म्याहून अधिक श्रम न दिसणाऱ्या जागांवर खर्च व्हावेत आणि काळेभोर दिसण्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यांतली सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे मडगार्डची आत वळवलेली कड. बाहेरचा पत्रा चाकाच्या वर येऊन संपतो तिथे तो आतल्या बाजूला दुमडलेला असतो आणि त्या दुमडीवर बोटभर रुंदीची सपाट जागा तयार होते. चाकाने उडवलेला चिखल वर आपटतो, खाली सरकतो आणि या कडेवर साठतो. हातमोजा घालून बोट कडेवरून फिरवले, तर बाहेरून लख्ख दिसणाऱ्या गाडीतूनही मातीची लांब वळी निघते. वरून सुकलेली आणि आतून दमट अशी ही माती पोटिसासारखी पत्र्याला चिकटून बसते आणि पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस पत्रा कोरडा होऊ देत नाही. गाडीच्या मागच्या चाकांवर रंगाला फुगवटे येतात, त्यांची सुरुवात बहुधा याच कडेवर होते.

पुढच्या चाकाच्या मागे, जिथे मडगार्ड दाराखालच्या सिलला मिळते, त्या खालच्या कोपऱ्यातही माती, खडी आणि कुजलेली पाने साचतात. मागच्या बाजूला अनेक लहान गाड्यांना पूर्ण लायनर नसतो. पत्र्यावर रबरासारखा जाड थर फवारलेला असतो आणि त्यावर खडीचा मारा होऊन टवके उडालेले असू शकतात. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी भरण्याचा पाइप मागच्या एका चाकाच्या पोकळीतून खाली जातो. त्या पाइपच्या पाठीमागेही हात घालून पाहावे.

आपल्या प्रवासात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे समुद्रकिनारा. कोकणातल्या जांभ्या दगडाची लाल माती पाण्याने तशी लवकर सुटते, तिचा रंग तेवढा रेंगाळतो. पण किनाऱ्यावरच्या वाळूबरोबर आणि खाऱ्या हवेबरोबर आलेले मीठ ओल धरून ठेवते आणि गंजाचा वेग वाढवते. गाडी पुळणीवर नेली असेल, तर परतल्यावर एक-दोन दिवसांतच गोड्या पाण्याने आतून धुवायला हवी होती. अजून धुतली नसेल, तर दसऱ्याची वाट पाहू नये. मीठ पाण्यात विरघळते, त्यामुळे त्यासाठी खास रसायन लागत नाही. भरपूर पाणी आणि ते सगळ्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचणे, एवढेच लागते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. गाडी सावलीत, सपाट जमिनीवर उभी करावी आणि ब्रेक पूर्ण गार होऊ द्यावेत. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडणे डिस्कला मानवत नाही. चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की चाकाच्या मागे हात आणि ब्रश घालण्याइतकी जागा मिळते. ती बाजू झाली की दुसऱ्या बाजूला वळवावे आणि मग इंजिन बंद करूनच हात घालावा. मागची चाके वळत नाहीत, तिथे लांब दांड्याचा ब्रश लागतो. वर्षातून एकदा चाक काढून ही जागा नीट साफ करणे उत्तम, परंतु मागचे चाक उचलताना हॅन्डब्रेकवर विसंबू नये, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांवर चालतो. पुढची चाके ठोकळ्यांनी अडवावीत, गाडी गिअरमध्ये ठेवावी, नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करावेत आणि जॅकबरोबर जॅक-स्टँडचा आधार द्यावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. याला कोणतीही सवलत नाही.

कोरडा चिखल आधी खरवडू नये. त्यात बारीक खडी असते आणि ती पत्र्यावरचा संरक्षक थर ओरबाडते. पाइपने पाणी मारून दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावे. पुण्याच्या परिसरातली काळी माती असेल, तर पुन्हा एकदा भिजवावी. ती पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि सुकली की दगडासारखी घट्ट बसते. भिजल्यावर वरून खाली पाणी मारत जावे आणि शेवटी पाइपचे तोंड कडेच्या आत धरून माती एका दिशेने ढकलत न्यावी. खाली पडणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावे. घरचा प्रेशर वॉशर असेल, तर पंख्यासारखी पसरणारी धार वापरावी आणि नॉझल फूटभर अंतरावर ठेवावे. ॲक्सलच्या टोकाचे रबरी बूट, चाकाच्या बेअरिंगचे सील, एबीएस सेन्सरची वायर आणि ब्रेकचा होज यांच्यावर जवळून धार मारू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी रंगाच्या वायरी आणि त्यांची जोडणी दिसली, तर तिथे पाण्याची जोरदार धार नकोच.

रसायनाविषयी माझे मत असे, की दहापैकी नऊ गाड्यांना साधा कार शाम्पू पुरतो. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत ब्रश खळबळण्यासाठी साधे पाणी, मध्यम कडक ब्रश आणि कडेसाठी जुना दात घासण्याचा ब्रश, एवढ्यावर काम होते. तेलकट काळा थर असेल तर ऑल-पर्पज क्लीनर एकास दहा या प्रमाणात पाण्यात मिसळून फवारावा, तीन-चार मिनिटे ठेवावा आणि सुकण्याआधी घासून धुवावा; बाटलीवर वेगळे प्रमाण दिले असेल तर ते पाळावे. स्वच्छतागृहाचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा यांना मात्र हात लावू नये. या दोन्हींमुळे ॲल्युमिनियमची अलॉय चाके डागाळतात, आणि ॲसिड लोखंडाच्या भागांवर राहिले तर आपण जो गंज टाळण्यासाठी धडपडतो आहोत तोच वाढतो. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने निघतात. मेट्रोच्या किंवा उड्डाणपुलाच्या कामाजवळून जाताना उडालेला सिमेंटचा रबडा लायनरवर बसला असेल, तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने ओला ठेवावा, मऊ झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने उचलावा आणि जागा लगेच धुवावी.

धुऊन झाल्यावर टॉर्च घेऊन आत पाहावे. या कामाचा हा सर्वांत मोठा लाभ आहे आणि तो फुकट मिळतो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले दिसले, तर ॲक्सलचे रबरी बूट फाटले आहे असे समजावे. लवकर बदलले तर थोडक्यात भागते, नाहीतर पुढे सांधाच बदलावा लागतो. शॉक-ॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ, ब्रेकच्या होजला भेगा, टायरला घासून गुळगुळीत झालेला लायनर, उंदराने कुरतडलेली वायर, यांपैकी काहीही आढळले तरी फोटो काढून ठेवावा आणि गॅरेजमध्ये दाखवावा.

आता काळेभोर दिसण्याविषयी. बाजारात प्लास्टिकसाठी दोन प्रकारची ड्रेसिंग मिळतात. दुधासारखे पांढरे दिसणारे ड्रेसिंग बहुधा पाण्यात बनवलेले असते. ते सुकल्यावर मंद, नैसर्गिक काळेपणा देते आणि हाताला चिकटत नाही. पारदर्शक, तेलकट आणि उग्र वासाचे ड्रेसिंग सॉल्व्हंटमध्ये बनवलेले असते. ते अधिक चमकते, पण धूळ ओढून घेते. मडगार्डच्या आत मी पहिल्या प्रकाराचाच सल्ला देईन. लायनर पूर्ण सुकू द्यावा, स्पंजावर थोडे ड्रेसिंग घेऊन पातळ पसरावे, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने वरचे जास्तीचे पुसून घ्यावे. थेट फवारणी करू नये, कारण त्याचे तुषार डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर बसतात आणि या दोन्ही ठिकाणी निसरडेपणा जिवावर बेतू शकतो. फवारण्यावाचून इलाज नसेल, तर डिस्क आणि टायर फडक्याने झाकावेत. नजीकच्या काळात गाडीचे डेन्टिंग-पेंटिंग करायचे असेल, तर सिलिकॉन असलेले ड्रेसिंग लावू नये; ते पत्र्यावर राहिले तर नवा रंग नीट धरत नाही, त्यात बारीक खड्डे पडतात.

शेवटी गाडी सोसायटीभोवती एक-दोन फेऱ्या चालवून ब्रेक हलके दाबून सुकवावेत. डिस्कवर आलेला तांबूस गंज त्यानेच जातो आणि तो चिंतेचा विषय नाही. मात्र धुतल्यावर लगेच हॅन्डब्रेक ओढून गाडी दोन-चार दिवस उभी ठेवू नये, ओले ब्रेक चिकटून बसतात.

प्रश्न : आमच्या गावाकडे काका दर पावसाळ्यानंतर गाडीला खालून डिझेल किंवा जळके ऑइल मारून घेतात आणि त्यामुळे त्यांच्या गाडीला गंज लागला नाही असे सांगतात. मीही तसे करावे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : करू नये. काकांच्या म्हणण्यात एवढे तथ्य आहे, की पत्र्यावर तेलाचा थर असला की पाणी काही काळ दूर राहते. परंतु डिझेल आणि ऑइल यांच्यामुळे सस्पेन्शनची रबरी बुशे आणि इतर रबरी भाग फुगतात, मऊ पडतात आणि त्यांचे आयुष्य घटते. तेलावर धूळ बसून जो राप तयार होतो तो ओल धरतो, त्यामुळे थोड्या काळाच्या रक्षणानंतर उलटाच परिणाम होतो. ब्रेकवर एक थेंब गेला तरी ब्रेक कमी लागतो, तापलेल्या सायलेन्सरवर गेला तर धूर येतो आणि पेट घेण्याचाही धोका असतो. शिवाय जळके ऑइल पहिल्याच पावसात गळून रस्त्यावर, गटारात आणि शेवटी मुळा-मुठेत जाते. काकांना थर द्यायचाच असेल, तर गाडी स्वच्छ आणि पूर्ण सुकी करून, त्यासाठीच बनवलेले मेणाचे किंवा रबरी अंडरबॉडी कोटिंग जाणकाराकडून करून घ्यावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी येते आणि पाइप लावून गाडी धुण्यास मनाई आहे. दोन बादल्यांत मडगार्ड आतून स्वच्छ होईल का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : होईल, मात्र वेळ थोडा अधिक लागेल. कुंड्यांवर फवारणी करण्याचा दोन लिटरचा हातपंप या कामाला फार उपयोगी पडतो. त्यात पाणी भरून हवा द्यावी, एकेका चाकाची पोकळी फवारून भिजवावी, दहा मिनिटांनी पुन्हा फवारावी आणि मग ब्रश चालवावा. पाणी जोराने मारण्यापेक्षा माती भिजायला वेळ देणे अधिक परिणामकारक ठरते, हे या पद्धतीत चांगले कळते. कडेवरची माती हातमोजा घालून बोटांनीच काढावी, त्याला पाणी जवळजवळ लागत नाही. आरओ फिल्टरमधून वाया जाणारे पाणी साठवून पहिल्या भिजवणीला वापरता येईल. त्यात विरघळलेले क्षार जास्त असल्यामुळे शेवटचे धुणे मात्र साध्या पाण्यानेच करावे. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग ठेवते, म्हणून ते आपोआप सुकू न देता मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घ्यावे.

प्रश्न : माझ्या गाडीत मागच्या चाकांवर प्लास्टिकऐवजी जाड फेल्टसारखे कापड आहे. त्याला कोणते ड्रेसिंग लावावे?
— एक वाचक, वाकड

उत्तर : कोणतेही लावू नये. ते अस्तर रस्त्याचा आवाज शोषण्यासाठी असते. ड्रेसिंगने त्याचे धागे चिकट होतात आणि माती कायमची धरतात. पूर्ण सुकल्यावर कडक ब्रशने झाडावे, नंतर कमी दाबाच्या पाण्याने धुऊन उघड्या जागेत सुकू द्यावे. रंग थोडा मातकट राहिला तर तसाच राहू द्यावा.

प्रश्न : २५ जुलै २०२४ रोजी मुठेच्या पुराचे पाणी एकतानगरीत शिरले, त्या वेळी आमची गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होती. इंजिनात पाणी गेले नाही, सर्व्हिसिंगही झाले. तरीही पुढच्या चाकामागून अधूनमधून सुकलेल्या गाळाचे खडे पडतात आणि पावसात कुबट वास येतो. काय करावे?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : गाळ लायनरच्या मागे अडकलेला आहे. पाणी तिथे सहज शिरते आणि ओसरताना गाळ मागे ठेवून जाते. बाहेरून कितीही धुतले तरी तो निघत नाही. यासाठी पुढचा लायनर निदान मागच्या अर्ध्या भागात सोडवावा लागेल. स्टिअरिंग पूर्ण वळवले की तो प्लास्टिकच्या क्लिपांनी आणि काही स्क्रूंनी बसवलेला दिसतो. काही क्लिपांचे मधले बटण चपट्या स्क्रूड्रायव्हरने वर उचलायचे असते, काहींचे आत दाबायचे असते. जोर करण्याआधी एका क्लिपवर नीट पाहून घ्यावे. जुन्या क्लिपा काढताना तुटतात, म्हणून दहा-बारा नव्या आधीच आणून ठेवाव्यात. त्यांना फार पैसे पडत नाहीत, आणि क्लिपा कमी लावल्या तर लायनर सुटून टायरला घासतो.

लायनर बाजूला ओढला की मडगार्ड आणि सिल यांच्या सांध्यात गाळाचा थर दिसेल. पुराच्या पाण्यात सांडपाणीही मिसळलेले असते, म्हणून हातमोजे घालावेत आणि तोंडाला मास्क लावावा. गाळ आधी लाकडी पट्टीने उचलून पिशवीत भरावा, मग पाणी मारावे. आधीच पाणी मारले तर तो सिलच्या आत ढकलला जातो. सिलच्या खालच्या बाजूला पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात, ती जाड प्लास्टिकच्या तारेने मोकळी करावीत. त्यांतून पाणी वाहू लागले की वासाचे मुख्य कारण संपले असे समजावे. पत्रा दोन दिवस सुकू द्यावा आणि मगच लायनर बसवावा. त्याच वेळी गॅरेजमध्ये मागचे ड्रम उघडून गाळ पाहण्यास आणि चाकांच्या बेअरिंगचा आवाज तपासण्यास सांगावे. ही दोन कामे नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतातच असे नाही, म्हणून नाव घेऊन सांगावीत.

प्रश्न : मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला रुपयाएवढा फुगवटा आला आहे. वरून टच-अप करून आतून काळे अंडरकोटिंग मारले तर पुरेल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : पुरणार नाही. गंजावर कोटिंग मारले की ओल आत कोंडली जाते आणि पत्रा नजरेआड गंजत राहतो. मग वर्ष-दोन वर्षांनी एकदम भोक दिसते. आधी फुगवटा किती खोल आहे ते पाहावे. आतल्या बाजूने कड स्वच्छ करून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर हलके दाबावे. पत्रा आत दबला किंवा चुरा पडला, तर तो भाग कापून नवा पत्रा जोडावा लागेल आणि ते काम डेन्टिंगवाल्याचेच आहे. पत्रा घट्ट असेल तर तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुटा गंज काढावा, उरलेल्या डागांवर रस्ट कन्व्हर्टर लावून बाटलीवर लिहिलेला वेळ थांबावे, त्यावर गंजरोधक प्रायमरचे दोन हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण सुकू द्यावा. त्यानंतर आतून अंडरकोटिंग आणि बाहेरून टच-अप करावे. कोटिंग मारताना पाणी निघण्याची भोके, ब्रेक, सायलेन्सर आणि शॉक-ॲब्सॉर्बरचा चकचकीत दांडा कागदाने झाकावा. हे काम पावसाळी हवेत करू नये. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत प्रायमर नीट सुकतो. तोपर्यंत फुगवटा फोडू नये आणि त्या चाकाची आतली कड दर आठवड्याला धुऊन कोरडी ठेवावी.